घडीमावशीचं इंग्रजी पाठांतर

चादर अर्ध्यावर दुमडून दोघींच्या मध्ये लोंबकळत राहिली होती. दोन टोकं सासूच्या हातात, दोन सुनेच्या. आता दोन पावलं पुढे येऊन टोकाला टोक लावायचं, की झाली दुसरी घडी. पण सासू खोलीच्या त्या टोकाला खांबासारखी उभी.

"ब्रिंग," सून पुन्हा म्हणाली.

"ब्रिंग... ब्रँग."

"नाही."

"ब्रंग."

"आई, नाही हो."

"का नाही? सिंगचं सँग होतं, रिंगचं रँग होतं, मग ह्या ब्रिंगनं कुणाचं घोडं मारलंय?"

"ब्रॉट," सून हसू दाबत म्हणाली. कोपऱ्यात बाळ नुकतंच झोपलं होतं. "ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट."

"ब्रॉट!" सासूनं चादरीची टोकं खाली सोडली. "हा ट कुणाच्या घरून उचलून आणला? काही ताळमेळ आहे का ह्या भाषेला?"

"नाही," सून म्हणाली. ती बाळंतपणाआधी शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे तिला खरं काय ते ठाऊक होतं. "ताळमेळ नाहीच. पाठ करायचं."

सासूला घरात आई म्हणत आणि बाहेर घडीमावशी. इस्पितळाच्या धुलाईघरात तिनं उमेदीची सगळी वर्षं काढली. तिच्या हातची चादर कपाटात ठेवली की कडेला कड अशी बसायची, की वाटावं कुणी पट्टी लावून कापलीय. म्हणून घडीमावशी. पण घडी घालणं हा कामाचा सुखाचा भाग. त्याआधी यंत्रातून ओल्या चादरींची बोचकी उपसायची, खांद्यावर टाकायची आणि वाळवणाच्या गच्चीवर न्यायची. ओली चादर म्हणजे काय वजन असतं हे जिनं उचललंय तिलाच कळतं. मावशीचा उजवा खांदा आता केस विंचरायलाही वर जात नव्हता. वेणी सून घालून द्यायची.

धुलाईघरात एकच खुर्ची होती. पुढच्या खिडकीपाशी, फोनजवळ. त्या खुर्चीत मुकादमीण बसायची. वॉर्डांतून नर्सबाया फोन करणार, इतक्या चादरी पाठवा, तितके अभ्रे पाठवा. मुकादमिणीनं ऐकायचं, माणसं कामाला लावायची. बोचकं उचलायचं नाही. ही मुकादमीण या महिनाअखेर निवृत्त होत होती, आणि तिच्यानंतर खुर्ची घडीमावशीचीच हे सगळे धरून चालले होते. मावशीही. खांद्याची ती रोज समजूत घालायची, थांब बाबा, थोडंच राहिलंय.

आणि नेमकं तेव्हाच इस्पितळाचं व्यवस्थापन बदललं. नव्या नर्सबाया लांबलांबच्या मुलखांतून आलेल्या, आपसांतही इंग्रजीतच बोलणाऱ्या. नवी मेट्रनही तशीच. हुकूम निघाला: फोनवर बसणाऱ्या माणसाला इंग्रजी बोलता आलं पाहिजे, तोंडी परीक्षा होईल.

स्टोअरकीपरनं हा हुकूम धुलाईघरात मोठ्यानं वाचून दाखवला. त्याला एवढा आनंद का, ते सगळ्यांना माहीत होतं. त्याचा मेहुणा सहा महिन्यांपासून स्टोअरमध्ये नुसता फिरत होता आणि फाडफाड इंग्रजी बोलत होता.

"काय मावशी," तो कागदाची घडी घालत म्हणाला, "आता चादरी इंग्रजीत धुणार काय?"

"चादरीला भाषा नसते साहेब, डाग असतो," मावशी म्हणाली. "परीक्षा कधी आहे?"

"तुम्ही बसणार?"

"उभ्यानं घेत असतील तर उभी राहीन."

बायका खो खो हसल्या. स्टोअरकीपरही हसला, पण जरा उशिरा.

घरी मात्र कुणी हसलं नाही. नवरा बसचालक होता, आता निवृत्त. दुपारभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या चालवणाऱ्यांना नावं ठेवायची हा त्याचा उद्योग. मुलगा नोकरीपायी परगावी. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सातवी शिकलेली. तीही रडतखडत."

"रडले असेन. पास झाले होते."

"अगं, पण या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा माझं बोचकं उचला. मग म्हणा काय म्हणायचं ते."

त्यानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं बाळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी शिकवीन आईंना."

सुरुवात फार वाईट झाली. सुनेनं शाळेतल्यासारखा मोठा तक्ता केला, वर्तमान, भूत, भविष्य असे रकाने पाडले आणि भाजी चिरायच्या ओट्यावर भिंतीला डकवला. चालू काळ, पूर्ण काळ, चालू पूर्ण काळ. मावशी त्याच्याकडे पाही आणि तिच्या डोक्यावरून पाणी जाई. ती धुतलं-धुतेय-धुणार हे जन्मभर बोलत आली होती, पण त्याला पूर्ण काळ म्हणतात हे ऐकलं की जीभ लुळी पडायची.

"आय वॉश टुडे," सून म्हणायची. "यस्टरडे?"

"यस्टरडे आय... वॉशलं."

"आई!"

"कळलं ना पण तुला?"

"मला कळलं. मेट्रनला नाही कळणार."

खिडकीतून नवऱ्याचा आवाज यायचा, "मास्तरीणबाई, ही गाडी घाट चढायची नाही हो. इंजिनच जुनं."

"तुम्ही तुमच्या खिडकीत ब्रेक दाबत बसा," मावशी म्हणायची.

वाट सापडली ती सकाळच्या पूजेत. मावशी देवाच्या तसबिरीपुढे दिवा लावून रोज लांबलचक स्तोत्र म्हणे. संस्कृताचा तिला गंध नव्हता. अर्थ विचारला तर "देवाला कळतो" एवढंच सांगेल. पण एका अक्षराची चूक व्हायची नाही, कारण लहानपणी आईच्या मागोमाग म्हणताना ते चालीसकट आत उतरलं होतं. भक्ती करणाऱ्या बायकांचं हेच बळ असतं. समजायच्या आधी पाठ होतं, आणि पाठ झालेलं कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही.

त्या दिवशी स्तोत्र संपलं, नमस्कार झाला, पण जिभेवर चाल रेंगाळली होती. त्याच चालीवर मावशी पुटपुटली, "गो वेंट गॉन, डू डिड डन, ब्रिंग ब्रॉट ब्रॉट..." आणि थबकली. ब्रॉट आपोआप आलं होतं.

"सूनबाई!" ती ओरडली. बाळ दचकून उठलं. "ती सगळी क्रियापदं वाच बघू मोठ्यानं. ओळीनं वाच, मधे समजावू नकोस."

त्या आठवड्यात घराची पाठशाळा झाली. सून बाळाला मांडीवर हलवत म्हणे, "सेंड सेंट सेंट," सासू झाडू मारत म्हणे, "सेंड सेंट सेंट." स्तोत्राच्या चालीवर आठ-आठ क्रियापदांची कडवी बांधली गेली. तक्ता काढून टाकला, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर सुनेनं किराणा लिहिला.

नवऱ्याला मात्र हे खपलं नाही. "देवापुढे बसून इंग्रजी काय बरळतेस? विटाळ झाल्यासारखं वाटतं."

"का? देवाला एकच भाषा येते?"

"चाल तरी दुसरी घे."

"मला दुसरी येत नाही. आणि देवानं दिलेल्या चालीवर मी चोरी करत नाहीये, पोटापाण्याचं शिकतेय. त्याला राग आला तर तो बघून घेईल. तुम्ही त्याचे वकील नका होऊ."

सुनेला वेगळीच काळजी होती. एकदा वेणी घालता घालता तिनं सहज विचारलं, "आई, राइटचा भूतकाळ?"

मावशीनं डोळे मिटले.

"राइट," सून म्हणाली.

"थांब. गो वेंट गॉन, डू डिड डन..." करत करत मावशी तिसऱ्या कडव्याला पोचली तेव्हा कुठे म्हणाली, "रोट!"

सुनेचा कंगवा केसांतच राहिला. "आई, परीक्षेत मधूनच विचारतील. तुम्हाला दर वेळी पहिल्यापासून म्हणावं लागलं तर?"

"मग म्हणेन."

"ते थांबणार नाहीत."

"अगं, स्तोत्र मधून सुरू होतं का? मधे कुणी बोललं तरी मी पहिल्यापासून धरते. सवय आहे ती. जाईल हळूहळू."

सून रोज विस्कटून विचारू लागली. हळूहळू अख्खं कडवं म्हणण्याची गरज संपली. पण त्या एका शब्दाची तिन्ही रूपं ओळीनं म्हटल्याशिवाय मावशीला हवं ते रूप सापडायचं नाही, ते नाहीच. आणि म्हणताना कुणी मधे बोललं, की दोरा तुटलाच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टोअरकीपरनं मावशीला गच्चीवर गाठलं. ती बोचकं उतरवून खांदा चोळत बसली होती. तो कधी नव्हे ते प्रेमानं बोलला.

"मावशी, उगाच तिथे जाऊन हसं करून घेऊ नका. मेहुण्याला बसू द्या खुर्चीत. तुम्हाला मी मागच्या खोलीत बसून फक्त घड्या घालायचं काम देतो. बोचकं बंद. आता बोला."

मावशीनं हात खांद्यावर तसाच ठेवला. खांदा ठणकत होता. बोचकं बंद, हे शब्द कानाला एवढे गोड लागले की तिला स्वतःचाच राग आला. घरी येऊन तिनं सुनेला सांगितलं.

"मग?" सून म्हणाली. "घ्यायचं का?" तिच्या आवाजात आडकाठी नव्हती. तिनं सासूचा खांदा जवळून पाहिला होता.

"मागच्या खोलीत," मावशी म्हणाली. "म्हणजे घड्या माझ्या, आणि खिडकीत तोंड त्याचं. शिवाय आज दिलेलं उद्या काढून घेईल, कुणाला विचारणार? नाही. खुर्ची तर खुर्ची, नाहीतर हे बोचकं मरेपर्यंत. मला कुणाच्या मेहरबानीचा पाट नकोय."

खिडकीतल्या नवऱ्यानं रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. 

परीक्षा मेट्रनच्या खोलीत होती. टेबलामागे उंच, करड्या केसांची मेट्रन. तिच्या शेजारी कार्यालयातले साहेब, दोन्हीकडचं समजावून सांगायला. आणि बाजूला स्टोअरकीपर, धुलाईघर त्याच्या हाताखाली म्हणून. मेहुणा आधी आत गेला आणि गेला तसा मिश्यांवर हात फिरवत बाहेर आला. मग मावशी.

मेट्रननं इंग्रजीत विचारलं, काल तू काय काय केलंस?

प्रश्न कळला. सुनेनं तो शंभरदा विचारला होता. मावशीनं डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि चालीवर म्हटलं, "वॉश वॉश्ड वॉश्ड. यस्टरडे आय वॉश्ड शीट्स. ड्राय ड्राइड..."

स्टोअरकीपर फिस्सकन हसला. "साहेब, ही मुलाखत आहे की भजन?"

मावशीचा दोरा तुटला. डोळे उघडून तिनं त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले. "वॉश वॉश्ड वॉश्ड. यस्टरडे आय वॉश्ड..."

"मावशी," आता साहेब मधे पडले, "गाणं नको. सरळ उत्तर द्या. बाहेर अजून माणसं आहेत."

मावशीनं डोळे उघडले. उठून जावं, असं क्षणभर वाटलं. पण ती खुर्चीत अजूनच घट्ट बसली.

"साहेब," ती म्हणाली, "सरळ मला येत नाही. मी पायरी पायरीनं चढून येते, पण दारात पोचते. मधे बोललात तर मला परत खालून यावं लागतं, आणि वेळ तुमचाच जातो. परीक्षा माझी आहे ना? मग मला म्हणू द्या. झाल्यावर नापास करा खुशाल."

मेट्रननं साहेबांना विचारलं, ही काय म्हणाली? साहेबांनी चाचरत सांगितलं. मेट्रन हसली नाही. तिनं तळहात उचलून स्टोअरकीपरकडे धरला. गप्प, असं. मग मावशीकडे वळून मान हलवली.

मावशीनं तिसऱ्यांदा डोळे मिटले. आणि या खेपेला सगळ्या पायऱ्या चढून गेली. काल चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. आज सकाळी वॉर्डात पाठवल्या. उद्या अभ्रे धुणार. प्रत्येक क्रियापदाआधी त्याची तिन्ही रूपं चालीवर, मग वाक्य. दोन ठिकाणी चुकली, एकदा तर उद्याच्या कामाला कालचं रूप लावून बसली. जीभ चावून दुरुस्त केलं.

मेट्रन ऐकत राहिली. मग तिनं जे म्हटलं ते साहेबांनी सांगितलं. "मॅडम म्हणतात, तुम्हाला येतं. पण फोनवर नर्स घाईत असते. ती हे गाणं ऐकून घेणार नाही."

"गाणं मनात म्हणीन," मावशी म्हणाली.

मेट्रन उठली, शेजारच्या खोलीत गेली. टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी खूण केली, उचला.

"हॅलो," मेट्रनचा आवाज आला. मुलांच्या वॉर्डात ब्लँकेटं पाठवलीस का?

मावशीचे ओठ हलू लागले. सेंड, सेंट...

"हॅलो? हॅलो?" मेट्रन फोनवर.

गेला दोरा. मावशीनं दात आवळले. आणि जे कुठल्याही कडव्यात नव्हतं, जे तिनं कुणा नर्सच्या तोंडून ऐकलं असेल, तेच ती फोनमध्ये खणखणीत ओरडली, "वन मिनिट, मॅडम!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. स्टोअरकीपर छताकडे पाहू लागला, खुशीनं. फोनमधून काहीच आवाज नाही. मावशीचे ओठ पुन्हा पहिल्यापासून हलले. मग ती म्हणाली, "नो मॅडम. आय डिड नॉट सेंड. ब्लँकेट्स आर ड्राइंग. आय विल सेंड इव्हिनिंग."

मेट्रन परत आली ती कपाळाला आठी घालूनच. साहेबांनी तिचं म्हणणं सांगितलं. "मॅडम विचारतात, त्यांच्या नर्सनी तुमच्यासाठी असं ताटकळत थांबायचं का?"

"ओली चादर वाळेपर्यंत थांबतातच ना त्या?" मावशी म्हणाली. "तशा माझ्यासाठीही थांबतील घटकाभर. न थांबता होय-होय म्हणणारा हवा असेल तर तो बाहेर बसलाय. पण पाठवली नसताना पाठवली म्हणाला, तर थंडीत पोरं कुडकुडतील. मला उशीर होईल. पण मी म्हणेन ते तसंच असेल."

हे इंग्रजीत सांगायला साहेबांना बराच वेळ लागला. तोवर मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती. मनातल्या मनात तिनं देवाचं नाव घेतलं, मागणं काही मागितलं नाही. जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

निकाल दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागला नाही, मेट्रन स्वतः साहेबांना घेऊन धुलाईघरात आली. बायका हातातलं काम टाकून गोळा झाल्या. साहेब म्हणाले, खुर्ची घडीमावशीला, पण कायमची नाही. वर्षअखेर परत परीक्षा होईल, आणि ती या वेळेसारखी तोंडी नसेल, लेखी असेल. तोपर्यंत फोनवर गाणं ऐकू येता कामा नये. मधल्या काळात तक्रारी आल्या तर मेहुणा आहेच.

"लेखी?" मावशी म्हणाली.

"लेखी," स्टोअरकीपर मागून म्हणाला. निकाल ऐकून पडलेला त्याचा चेहरा पुन्हा खुलला. "बारीक अक्षरात असते हो. छापील."

मावशीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मेट्रनकडे वळली, ओठ थोडे हलले, आणि म्हणाली, "ओके मॅडम. आय विल राइट."

मग ती खिडकीपाशी गेली आणि मुकादमीण निवृत्त झाल्यानं रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसली. हळूच नाही, संकोचून नाही. बस सुटताना चालक जसा आपल्या जागी बसतो तशी. बायकांनी टाळ्या पिटल्या. फोन वाजला तेव्हा सगळ्या चिडीचूप झाल्या, आणि मावशीनं तो दुसऱ्या घंटेला उचलला.

घरी हे सगळं ऐकून नवरा म्हणाला, "म्हणजे अजून अर्धीच झाली नोकरी. वर्षअखेर परत रडगाणं."

"वर्षअखेर परत पाठांतर," मावशीनं त्याला सुधारलं. "आता लिहिण्याचं. सूनबाई, ते राइट रोट रिटन लिहून दाखव बघू."

सुनेनं लिहून दाखवलं. मावशीनं कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. अक्षरं मुंग्यांसारखी एकमेकींच्या अंगावर चढत होती.

"मोठं काढू का?" सून म्हणाली.

"नको. परीक्षेत मोठं काढून देणार नाहीत."

कागद तिनं देवाच्या तसबिरीखाली ठेवला, आपल्या मांडीवरचं बाळ सुनेकडे दिलं, आणि पायात चपला सरकवून कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे डोळे तपासून घ्यायला निघाली.